जुन्या बेसला नवं भोक

आमच्या मंडळात शिवी एकच आहे, ‘भोकपाड्या’. मला ती पहिल्याच रविवारी मिळाली, आणि माझ्यासाठी तिचं स्त्रीलिंग करायची तसदीसुद्धा कुणी घेतली नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईला कुणी तोंडावर असं म्हणालं, हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना कळलं तर त्यांच्या जन्माचं सार्थक होईल.

मंडळ म्हणजे आम्ही चारच माणसं. पनवेलच्या जुन्या बाजारात चाचांचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्याच्या पोटमाळ्यावर रविवारी सकाळी जमतो. चाचा तरुणपणी आखातातल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे. दुसरे कामोठ्याचे दातांचे डॉक्टर. तिसरे उरणचे दादा, घर मच्छीमारांचं, नोकरी गॅसच्या प्लांटमध्ये. चौथी मी. चौघंही बेस वाजवणारे, गाणारा एकही नाही! बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार, गाण्याच्या तळाशी राहून नुसती ढुम ढुम करणारी. गाण्यात ती असते तेव्हा कुणाचं लक्ष नसतं आणि नसते तेव्हा काहीतरी चुकतंय एवढंच कळतं. आम्ही चौघं एकदम वाजवतो तेव्हा सोसायटीच्या पाण्याचा पंप सुरू झाल्यासारखं वाटतं, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे.

वाजवण्यापेक्षा आमचा जास्त वेळ जातो तो दुरुस्तीत. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे बेस कुठून कुठून गोळा करायचे, उघडायचे, पुसायचे, वायरी बदलायच्या, आवाज सुधारायचा. पण त्याला चाचांचे दोन नियम आहेत. एक, जो भाग काढाल तो पाकिटात घालून, वर लिहून जपून ठेवायचा. दोन, लाकडाला नवं भोक पाडायचं नाही. मनात आलं की वस्तू पुन्हा जशीच्या तशी करता आली पाहिजे. ‘ओरिजिनल’ हा शब्द उच्चारताना चाचांचा आवाज आपोआप खाली येतो.

आणि मी पहिल्या दिवशी नेमकी काय घेऊन गेले? भावाच्या ऑर्केस्ट्रात लग्नाआधी मी वाजवायचे तो बेस. किती वर्षं माळ्यावर पडून होता. त्याच्या पुढच्या पत्र्याचा एक स्क्रू नुसताच गोल फिरत होता, धरत नव्हता. मी सरळ शेजारी दुसरं भोक पाडलं आणि तिथे स्क्रू बसवला. एक रस्ता बंद असेल तर दुसरा धरायचा, यात बिघडलं काय? चाचांनी ते पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“बाई, हे कुणी केलं?”

“मी.”

“तौबा,” असं म्हणून ते चहा येईपर्यंत माझ्याशी बोललेच नाहीत. डॉक्टर मात्र खुशीत होते. म्हणाले, “चला, मंडळात मी एकटाच भोकपाड्या नाही तर! माझा तर धंदाच तो आहे.”

चहा झाल्यावर चाचांनी काडेपेटी मागवली. दोन काड्यांची टोकं मोडली, काड्या गोंदात बुडवून त्या जुन्या ढिल्या भोकात ठोकल्या आणि वरचा भाग ब्लेडनं सपाट केला. माझं नवं भोकही तसंच बुजवलं. पुढच्या रविवारी तोच स्क्रू जुन्याच जागी असा घट्ट बसला की मी गप्प झाले. मी गप्प होणं ही आमच्या घरी बातमी असते.

त्यानंतरची सहा वर्षं इतकी मजेत गेली की काय सांगू. चाचींच्या हातचे घावणे, दादांच्या चेष्टा, एका खरखरणाऱ्या वायरीपायी चौघांनी घालवलेली अख्खी सकाळ. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला जातात, मी पोटमाळ्यावर जात होते. तिथे मी कुणाची आई नव्हते, सासू नव्हते, आणि ‘बाई’ म्हणत असले तरी कुणाची शिक्षिकाही नव्हते.

गेल्या वर्षी सकाळी दूध आणायला निघाले आणि सोसायटीच्या जिन्यावरून घसरले. डावा खांदा मोडला. पट्टी, ऑपरेशन, हाडाला पत्रा, व्यायाम, सगळं यथासांग झालं. शेवटी हाडांचे डॉक्टर म्हणाले, हात पुढे येईल, पण बाजूला लांब जायला खूप महिने लागतील, कदाचित पूर्ण जाणारही नाही. “स्वयंपाक वगैरे सगळं करता येईल हो,” असं वर हसून सांगितलं. मला त्यांच्या डोक्यात लाटणं घालावंसं वाटलं. बेसची मान लांब असते, डावा हात पार टोकापर्यंत न्यावा लागतो, आणि माझा बेस तर तिघांच्याही बेसपेक्षा लांब आणि जड. मी आता कधी वाजवू शकणार नाही, हे मनातल्या मनातसुद्धा पुरं म्हणता येईना.

मंडळानं मात्र हार मानली नाही. चाचांकडे एक छोट्या मानेचा जपानी बेस आहे, हलका, माझ्या हाताच्या टप्प्यातला. आखातातून परतताना विमानात मांडीवर घेऊन आणलेला. त्यातला एकेक स्क्रू कारखान्यातून आला तसा. दोघा-तिघांनी तो विकत मागितला होता, चाचा विषयच बदलायचे. तोच त्यांनी माझ्या गळ्यात घातला. पण त्याला एक खोड होती. पट्टा अडकवायचं बटण मानेच्या मागे, त्यामुळे गळ्यात घातला की मान आपली जमिनीकडे कलायची, आणि ती उचलून धरायची कुणी? माझ्या त्याच डाव्या हातानं. पाच मिनिटांत खांद्यातून कळा यायला लागल्या.

मग सुरू झाले उपाय. डॉक्टरांनी तारा पिळायच्या हलक्या चाव्या आणल्या, म्हणजे मानेच्या टोकाचं वजन कमी होईल. पण त्यांची भोकं जुन्या भोकांशी जुळेनात, बाद. पट्टा मानेच्या टोकाला बांधून पाहिला, तर बेस डावीकडे सरकला आणि हात आणखीच लांब करावा लागला. खाली बसून वाजवलं तरी तीच गत. दादा म्हणाले, “तुमी थांबा बाई, आमच्या घरी जाळ्याचं शिसं हाय.” पुढच्या रविवारी त्यांनी खरोखरच जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या, पिशवीत भरल्या आणि बेसच्या मागच्या बाजूला लटकवल्या. मान एकदम सरळ! पण एवढं ओझं घेऊन मीच कलायला लागले. दादा म्हणाले, “आता बाईला मोऱ्याच्या धक्क्यावरनं पान्यात सोडली तर वर येनार नाय.” आम्ही पोट धरून हसलो. मी हसता हसता रडायला लागले, आणि मग ते लपवताही येईना.

“पुरे आता,” मी म्हणाले. “माझा बेस इथेच ठेवा. कुणी वाजवणारा आला तर द्या त्याला. मी उगाच येऊन तुमची तोंडं बघत बसणार नाही, माझा जीव जळतो.”

मी जिना उतरले. तो उतरतानाही कठडा दोन्ही हातांनी धरला होता, आता जिन्यांवर माझा भरवसा नाही.

पुढच्या रविवारी मी जाणार नव्हते. चाचींचा फोन आला, “बाई, घावणे केलेत, तुम्ही आला नाहीत तर मी येते तुमच्या दारात.” चाचींना नाही म्हणणं मला जमत नाही. गेले.

पोटमाळ्यावर वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर चाचांचा जपानी बेस आडवा, आणि त्याच्या वरच्या शिंगासारख्या टोकावर पेन्सिलीनं केलेली एक बारीक फुली. चाचांच्या हातात हातानं फिरवायचं जुनं ड्रिल होतं. मला एका क्षणात समजलं. बटण त्या टोकावर आलं की मान कलणार नाही. हे आम्हा चौघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण तोंडातून काढायची कुणाची छाती झाली नव्हती.

“अहो चाचा, थांबा! खबरदार!” मी वर्गात ओरडायचे तशी ओरडले.

“बाई, गप बसा जरा.”

“निदान माझ्याकडे द्या,” डॉक्टर म्हणाले, “माझा हात बसलेला आहे.”

“नाही. हे दुसऱ्याच्या हातानं नको.” चाचांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि दांडा फिरवायला सुरुवात केली. दादांनी बेस दोन्ही बाजूंनी धरून ठेवला. लाकडाचा पिवळसर भुसा वर्तमानपत्रावर चिमूटभर पडला. चाचांनी दुकानातला नवा स्क्रू साबणावर घासून बटण बसवलं, मग तो भुसा बोटानं गोळा करून पाकिटात घातला आणि वर लिहिलं, ‘ओरिजिनल’.

“तुमचा खांदा बरा झाला की हाच भुसा गोंदात कालवून भोक बुजवू,” ते म्हणाले. “तोवर घरी न्या. अमानत समजा.”

बेस गळ्यात घातला. मान सरळ राहिली. मी खांदा न उचलता चार सूर वाजवले, अगदी पहिल्या धड्यातले. तिघंही माझ्या बोटांकडे बघत होते. माझा जीव भांड्यात पडला आणि मी ओक्साबोक्शी रडले.

नऊ महिने तो बेस माझ्या घरी होता. मी रोज वाजवला. खांद्याचे व्यायाम करून घेणाऱ्या मुलीला चकित व्हायला झालं इतका हात सुटला. दिवाळीनंतर एक दिवस मी पोटमाळ्यावरून परत आणलेला माझा तो जुना जड बेस पूर्ण अर्धा तास वाजवला, आणि पुढच्याच रविवारी चाचांचा बेस, काडेपेटी, गोंदाची बाटली असं सगळं घेऊन पोटमाळ्यावर हजर झाले.

“घ्या चाचा तुमची अमानत,” मी म्हणाले. “पाकीट काढा. आज भोक बुजवायचं.”

चाचांनी खणातून पाकीट काढलं. बेस मांडीवर घेतला, त्या बटणावरून अंगठा फिरवला. नऊ महिन्यांत तिथला रंग माझ्या पट्ट्यानं थोडा घासला गेला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागायला तोंड उघडलं.

तेवढ्यात ते उठले, खिडकीशी गेले, पाकीट उघडलं आणि तळहातावरचा भुसा फुंकून टाकला. खाली बाजारात कुणाला पत्ताही लागला नसेल.

“राहू द्या बाई,” ते म्हणाले. “आता तेच ओरिजिनल.”