हमदची टू-टू माझ्या हातात वाजलीच नाही

आधीच सांगून टाकते, मी हे सदर वाचते ते निव्वळ टाइमपास म्हणून. लिफ्टमधला माणूस, घाटातली बाई... वाचायचं, हसायचं आणि कुकर लावायला उठायचं. आमच्या घरात मीठ-मोहरी स्वयंपाकाला लागते, दृष्ट काढायला नाही. त्यामुळे आज मी स्वतः इथे लिहायला बसलेय, याचं सगळ्यात जास्त आश्चर्य माझ्या नवऱ्याला वाटतंय. दोनदा येऊन विचारून गेला, "खरंच पाठवणार आहेस?"

हो, पाठवणार आहे. कारण गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी, चांगल्या लख्ख उन्हात, माझ्या हातून माझ्या सासऱ्यांचा जीव जायचा होता. गेला नाही. का गेला नाही, ते मला आजवर कळलेलं नाही.

आम्ही मस्कतमध्ये बौशरला राहतो. नवरा, मिलिंद, एका कंपनीत प्रोजेक्ट बघतो. हमद त्याचा ऑफिसमधला दोस्त. त्याच्या वडिलांचं मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, कापडाचं दुकान होतं, आजूबाजूला सगळे आपले गुजराती, सिंधी व्यापारी. त्यामुळे हमद हिंदी असं बोलतो की माझी चूक काढतो! त्याचं गावाकडे शेत आहे. सूर शहराच्या रस्त्याने जाऊन डोंगरात आत वळायचं... खजुराची झाडं, थोडं गवत, बकऱ्या आणि मागे उभा नागडा डोंगर.

आणि हमदचा एक शौक आहे – टू-टू. पॉइंट टू-टू बोअरची साधी बोल्टवाली रायफल, वडिलांची, रीतसर त्याच्या नावावर केलेली. दिसायला काही नाही. लाकडावर ओरखडे, पट्टा सुतळीने बांधलेला. "गरीब आदमी की बंदूक" म्हणतो तो तिला. गोळ्या स्वस्त, धक्का बसत नाही, आवाजही फटाक्याएवढाच. शुक्रवारी जेवण झालं की पेप्सीचे रिकामे डबे मांडायचे आणि संध्याकाळपर्यंत पाडत बसायचं. ना शिकार, ना काही. आपल्याकडे लोक कॅरम खेळतात तसं.

मिलिंदने एकदा बोलता बोलता त्याला सांगितलं की माझी बायको कॉलेजात एन.सी.सी.त होती, आणि तिथे टू-टूच चालवायची. झालं! हमदने डोक्यातच घेतलं. "भाभी को लाना पड़ेगा."

तेव्हा नाना, म्हणजे माझे सासरे, नुकतेच चिपळूणहून आले होते. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच घर सोडून निघाले होते. दोन वर्षं मिलिंद फोनवर विनवण्या करत होता, तेव्हा कुठे विमानात बसले. आल्यापासून गप्प. बाल्कनीत बसून समोरचा मॉल बघायचे. मी विचारलं, "नाना, शेतावर येणार? बकऱ्या आहेत." तर म्हणाले, "पाणी आहे का तिथे वाहतं?" म्हटलं, असेल. "मग येतो."

नानांना ऐकू कमी येतं. कानातलं मशीन आहे, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून काढून ठेवतात. त्या दिवशीही गाडीच्या खणात ठेवलं आणि वर मलाच ऐकवलं, "मशीन घातलं की तुम्ही सगळे ओरडता असं वाटतं मला!"

आता इथे जे घडलं ते नीट सांगते, कारण सगळा घोळ याच्यातच आहे. हमदकडे जेवायला पुरुष मजलिसमध्ये, म्हणजे बाहेरच्या मोठ्या खोलीत, आणि बायका आत. मी आत, हमदची बायको मरियम आणि त्याच्या आईबरोबर. नाना आधी मजलिसमध्ये बसले. पण तिथे भल्यामोठ्या परातीत भात आणि त्यावर अख्खं बकरं! आमचे नाना अंडंसुद्धा खात नाहीत. म्हणून मरियमने त्यांना आत बोलावलं, मी नेलेला दही-भात वाढला. जेवून उठले आणि म्हणाले, "जातो पुरुषांत." मी म्हटलं, बरं.

ते मजलिसमध्ये गेलेच नाहीत. मजलिसवाल्यांना वाटलं, म्हातारे आत बायकांत दही-भात खातायत. आम्हाला वाटलं, मजलिसमध्ये लोडाला टेकून डुलकी काढतायत.

कॉफी झाली. हमदने खोक्यातून रायफल काढली. बंदुकीच्या बाबतीत तो एकदम कडक, हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही त्याला शिव्या घालाल. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा फलज आहे – आपल्याकडे कोकणात पाट असतो ना पाण्याचा, तोच. त्याच्या अलीकडे त्याच्या भावाने बकऱ्या जाऊ नयेत म्हणून दोन दिवसांपूर्वीच खजुराच्या झावळ्यांचं कुंपण घातलं होतं. पुरुषभर उंच, दाट. हमद कॉफीच्या आधी स्वतः कुंपणामागे जाऊन बघून आला होता. कोणी नव्हतं. नंतर घराकडे तोंड करून त्याने हाकही मारली, "सगळे आत आहेत ना?" मरियमने आतून उत्तर दिलं, सगळे आहेत. मिलिंदला विचारलं, "बाबा?" मिलिंद म्हणाला, "लेडीज़ में हैं." आणि मी तिथेच उभी होते, पण माझं लक्ष रायफलकडे. किती वर्षांनी हातात येणार होती!

कुंपणापुढे एक पत्र्याचं पिंप, त्यावर डबा. अंतर साधारण क्रिकेटच्या दोन पिचइतकं. गोळी झावळ्यांतून आरपार जाऊन डोंगरात रुतणार, असा हिशोब.

त्यांच्याकडे पहिली गोळी पाहुण्याची. घरचा माणूस आधी हात लावत नाही. हमद म्हणाला, "भाभी, यल्ला!"

मी उभ्याने धरली. खांद्याला लावली आणि अंगात काहीतरी जागं झालं हो... श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, बोट हलकेच मागे. सगळं आठवलं. डबा बरोबर निशाण्यावर. दाबलं.

खट्.

नुसतं खट्. आमच्या उस्तादांनी शिकवलेलं तेही आठवलं – गोळी उडाली नाही तर नळी तशीच समोर धरून थांबायचं, उशिराही उडू शकते. थांबले. काही नाही. बोल्ट उघडला, गोळी हातात घेतली. पिनचा वण अगदी स्पष्ट.

या गोळ्यांचं एक सांगते. पेट घेणारा मसाला त्यांच्या बुडाच्या कडेला, गोल कंगोऱ्यात असतो. पिन त्या कडेवर आपटते. स्वस्त मालात एखाद्या जागी मसाला पोचलेलाच नसतो, मग ती तिथे पेटत नाही. अशा वेळी टू-टूवाले काय करतात, तीच गोळी काढून जरा फिरवून परत घालतात, म्हणजे पिन दुसऱ्या जागी लागते. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा उडते. मीही फिरवून घातली.

खट्.

"दूसरी लो," हमद म्हणाला. पहिली त्याने खिशात टाकली. मी नवीन घातली. खट्!

मिलिंद मागून हसला. "बंदूक घाबरली तुला." मला असा राग आला! म्हटलं, तू गप्प बस. हमदने माझ्या हातून रायफल घेतली, आतली गोळी बदललीही नाही, नुसता बोल्ट वर-खाली केला, धरली आणि ठो! डबा उडून पडला. त्याने नवा डबा मांडला, परत आला आणि रायफल माझ्या हातात ठेवली. "बंदूक ठीक है, भाभी."

मी तिसरी गोळी घातली. खट्. आता मला घाम फुटला. भीतीने नाही, लाजेने. फिरवून घातली. खट्. "आण रे चौथी," मी मिलिंदला म्हटलं, आणि समोर बघितलं.

कुंपणाच्या वरून एक हात आला. त्या हाताने एक ओला राखाडी मोजा झावळ्यांवर पसरला, नीट ताणला, आणि हात परत खाली गेला. मोजा बरोबर डब्याच्या वर.

तो मोजा मीच आणलेला. नाना चपलांतही मोजे घालतात आणि रोज स्वतः धुतात.

हमदने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग कुंपणाकडे, आणि रायफल माझ्या हातातून ओढून घेतली, आतली गोळी खिशात टाकली आणि बोल्ट काढूनच टाकला. मिलिंद धावत सुटला. मीही मागोमाग गेले.

कुंपणामागे नाना फलजच्या कट्ट्यावर मजेत पाय बुडवून बसले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चेहऱ्यावर हसू! मिलिंदला बघून म्हणाले, "अरे, आपल्या पाटासारखंच आहे रे हे. गार. ये, बस."

हमद आला. गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांत नानांचं डोकं धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं, आणि रडायला लागला. इथे वडीलधाऱ्यांना असाच मान देतात, पण असं रडताना मी कोणाला बघितलं नव्हतं. नाना गोंधळले. मला विचारतात, "याचे वडील नाहीत का गं?" मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे, असू दे बाबा."

झावळ्यांत एकच भोक होतं, हमदच्या गोळीचं. मिलिंद त्या जागी उभा राहिला तर ते त्याच्या छातीशी आलं. नाना त्याच्याहून बुटके. त्यांच्या गळ्याशी.

आम्ही नानांना काहीच सांगितलं नाही. हमद सांगायचं म्हणत होता, त्याला ते लपवणं पटत नव्हतं. मिलिंदने हात जोडले – नाना हार्टचे पेशंट आहेत, दुसऱ्या दिवशीच परत जायला निघतील. नानांना घरात चहाला बसवलं, मरियमला त्यांच्यासमोर बसवलं, आणि हमदने एकेकाचं नाव घेऊन, तोंड बघून माणसं मोजली. मग तो एकटा परत कुंपणापाशी गेला. माझ्या न उडालेल्या दोन्ही गोळ्या त्याच्या खिशात होत्या, कडेवर दोन-दोन वण असलेल्या. मी लांबून बघत होते. त्याने पहिली घातली. ठो. दुसरी घातली. ठो. एकदाही फिरवावी लागली नाही.

मग तो माझ्याकडे आला, वर बोट दाखवलं आणि घरात गेला.

मी तरीही म्हणत होते – योगायोग. गोळ्या जुन्या, पेटी उन्हात राहिलेली, माझा हात बसलेला नाही. खरं म्हणजे हाताचा काय संबंध? खटका दाबला की पिन आपटते, हात कोणाचाही असो. पण म्हणत होते. परतीच्या वाटेवर नाना मागच्या सीटवर खुशीत होते, आपणहून बोलत होते.

"काय मजा आली! आधी किती वेळ उभाच होतो गं, पायजमा खोचत. नाडी अडकली. मग बसलो पाय सोडून. बसतोय नाही तोच डोक्यावर वरून काड्या पडल्या, झावळीच्या. म्हटलं बकरी आली की काय. उठलो, बघत राहिलो. काही दिसेना. मग उभ्या उभ्याच मोजे पिळले नि घातले वाळत."

मी पुढच्या सीटवर मनात एकेक जुळवत गेले. नाना उभे – माझी खट्, खट्, खट्. नाना बसले – हमदची ठो, आणि डोक्यावर काड्या. नाना उठले – माझी खट्, खट्. मिलिंदने गाडी बाजूला घेऊन थांबवली. "काय झालं?" नाना म्हणाले. "काही नाही, नाना. जरा पाणी पितो," तो म्हणाला, आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. बाहेर दोन्ही बाजूंना डोंगर, संध्याकाळचं ऊन त्यांच्यावर, सगळं तांबूस. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी कशाच्या तरी समोर बसलेय. देव म्हणा, सासूबाई म्हणा, नाहीतर ज्याचं नाव हमदने घेतलं नाही तो म्हणा. भीती अजिबात वाटली नाही. फक्त मान आपोआप खाली गेली.

हमदने नंतर रायफल एका जाणकाराला दाखवली. पिन ठणठणीत, स्प्रिंग ठणठणीत. त्याच पेटीतल्या उरलेल्या सगळ्या गोळ्या उडवून बघितल्या, एकही फुकट गेली नाही. दारूगोळ्यातलं कळणारे कोणी वाचक असतील तर जरूर सांगा, मला खरंच ऐकायचंय. गोळी एकदा दगा देते, दोनदा देते, मान्य. पण समोर कोण उभं आहे, ते तिला कसं कळलं? मिलिंद इंजिनीअर आहे, मी केमिस्ट्री शिकलेय, तरी विचारतेय.

महिनाभराने नाना परत निघाले. एअरपोर्टवर मी वाकून नमस्कार केला. त्यांनी नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला. तो हात गरम होता. इतकंच. एका जिवंत माणसाचा गरम, जड हात माझ्या डोक्यावर होता, आणि मला उठताच येईना. लोक ट्रॉल्या घेऊन बाजूने जात होते आणि मी तशीच वाकलेली.

"अगं ऊठ," नाना म्हणाले, "विमान जाईल ना माझं!"