मशीनमामांची चवळी का बिघडली

गावोगाव शिलाई मशिनी दुरुस्त करत फिरणाऱ्या त्या माणसाला शिवणकाम करणाऱ्या बायका मशीनमामा म्हणत, आणि म्हणता म्हणता सगळेच म्हणू लागले. मामांचं घर म्हणजे त्यांची व्हॅन. मागे बिछाना, बिछान्याखाली सुट्या भागांचे डबे, दाराशी एका बर्नरची शेगडी.

रात्री भिजवलेली चवळी सकाळी कांदा, टोमॅटो आणि लसणीबरोबर थोडा वेळ उकळायची, पातेल्यावर घट्ट झाकण बसवायचं, जुन्या रजईत गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवायचं आणि निघायचं. पुढचं गाव येईपर्यंत चवळी लोण्यासारखी मऊ, तरी दाणा न् दाणा अख्खा. एकदा चाखलेल्या शिंपिणी मशीन धड असतानाही मामांना बोलावून घेत.

पण क्लच दाबून दाबून गुडघा कुरकुरायला लागला. थोरली बहीण शहरात एकटीच राहत होती. ती म्हणाली, "पुरे झाली वणवण. माझ्याकडे ये." मामा राहून बघायला आले. व्हॅनला गिऱ्हाईकही मिळालं. पुस्तकं विकणारी एक बाई गाडी न्यायला रविवारी येणार होती. हो की नाही, ते मामांनी त्याआधी कळवायचं होतं.

आणि ताईच्या घरात चवळी बिघडली. एकदा नाही, रोज. रजईतून काढली की दाणे कडक. गॅसवर पुन्हा चढवली की सालं एकीकडे, लगदा एकीकडे. ताई तशीच खायची, पण मामा वाटी बाजूला सारत. जिथे आपल्या हाताला चव नाही तिथे उरलेले दिवस कसे काढायचे?

मशीन टाके सोडायला लागलं की मामा एका वेळी एकच गोष्ट बदलून बघत. आधी सुई, मग दोरा, मग ताण. तसंच इथे चाललं. पाणी बदललं. पातेलं बदललं. चवळी दुसऱ्या दुकानातून आणली. शेवटी दारात उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये जाऊन तिथल्याच शेगडीवर शिजवली. तिथेही तेच.

"तुझ्या चवळीला पेट्रोल पाजावं लागतं बहुतेक," ताई म्हणाली.

मामा हसले नाहीत. "तेच बघू या. चल, बस गाडीत."

"मी? आणि घरातली कामं कोण करणार?"

"कामं कुठे पळून जात नाहीत."

ताई पदर खोचून पुढे बसली, मांडीवर रजईचं गाठोडं घेऊन. गाडी शहराबाहेर पडली. थोड्या वेळाने तिला राहवेना. गाठोड्याची गाठ सोडून तिने झाकणाला हात लावला.

"अगं, उघडू नकोस! चालत्या गाडीत सांडेल," मामा ओरडले.

"शिजलंय का बघते नुसतं."

"वाफ गेली तर शिजणार कशी?"

ताईने हात मागे घेतला आणि ती मान वळवून भावाकडे टक लावून बघत राहिली. "आणि घरी तू काय करतोस रे, शहाण्या? येता-जाता झाकण उचलतोस. काल तर चमचा घालून ढवळत होतास."

मामांनी गाडी कडेला घेतली. "ढवळत होतो?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

खरंच होतं. गाडी चालवताना दोन्ही हात स्टिअरिंगवर. घरात हातांना काही कामच नव्हतं. मामा स्वतःशीच हसायला लागले, मग त्यांनी हात लांबवून गाठोड्याची गाठ पुन्हा घट्ट केली. म्हणजे ताईच्या घराचा काही दोष नव्हता. तिथे राहायला नाही म्हणायचं कारण उरलं नव्हतं.

पुढे एका झाडाखाली दोघांनी झाकण काढलं. दाणे अख्खे होते. ताईने वाटी दोनदा पुढे केली.

"मग? त्या बाईला काय सांगणार आहेस?" तिने विचारलं.

"ये म्हणून," मामा म्हणाले, आणि वाटी पुसायला लागले.

रविवारी किल्ली दिली. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते दारात उभे होते. मग आत येऊन चवळी उकळली, झाकण लावून रजईत बांधली, आणि गाठोड्यासमोर स्टूल घेऊन बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून.

ताईने पिशवी घेतली. "ऊठ. बाजारात जाऊ."

"काय आणायचंय?"

"काही नाही. तू उघडशील म्हणून."

मामा गुडघ्यावर हात टेकत उठले. दाराशी एकदा मागे वळून पाहिलं, तर ताईने त्यांचं मनगट धरलं आणि ती दारापुढच्या पायऱ्या उतरायला लागली.