बिनपालिशचं वर्ष

मी अजूनही बिनपालिशच्या तांदळाचाच भात खातो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणालाही वाटेल की हा माणूस सपशेल हरला. हरलो नाही. थोडी माघार घेतली असेल, पण तीही दुसऱ्याच्या पोटासाठी.

सुरुवात साखरेपासून झाली. गोंदियातल्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला, मग मला पाहिलं आणि भात किती खाता म्हणून विचारलं. मी म्हटलं, दोन वेळा. ते म्हणाले, वेळा नाही, किती? मी हाताने ढीग दाखवला. आमच्याकडे भात वाढत नाहीत, रचतात. डॉक्टर इकडचेच, त्यामुळे भात सोडा म्हणण्याचा अविचार त्यांनी केला नाही. ढीग अर्धा करा, आणि जमलं तर पालिश न केलेला तांदूळ खा, एवढंच बोलले. अर्ध्या ढिगाचं मी कानावर घेतलंच नाही. पालिशचं मात्र डोक्यात घेतलं.

घरी सांगितलं तेव्हा बायको काही वाईट बोलली नाही. दोन पायल्या काढून आणा, खाऊन पाहू, असं म्हणाली. इतकी शहाणी गोष्ट ऐकली की मला नेहमीच राग येतो.

तांदूळ हे खातं तिचं. घराजवळच्या पाच बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या पाच तुकड्यांत, आम्ही फक्त घरी खायला चिन्नोर धान लावतो. वास असा की शेजारच्या घरात कळतं आज यांच्याकडे शिजला. बाकीचं धान दिवाळीनंतर विकून मोकळं व्हायचं. चिन्नोर तेवढं ठेवायचं, संक्रांतीच्या सुमारास अख्ख्या वर्षाचं एकदम भरडून आणायचं, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायचं, की मग वर्षभर त्या कोठीत पुरुषाने हात घालायचा नाही. माझं काम पोती मिलवर नेण्याआणण्याचं. माझ्या जागी बैल असता तरी चाललं असतं.

त्याच रविवारी माझा साळा जेवायला आला. गोंदियात तांदळाचा व्यापार करतो आणि बहिणीच्या घरीही हिंदीतच जेवतो. त्याने माझा निश्चय ऐकला, भातावर वरण घेतलं आणि म्हणाला, "जीजाजी, आठ दिन. आठवें दिन सफेद पे नहीं आये तो मूँछ मुंडा लूँगा."

त्याला मिशीच नाही. मी तिकडे दुर्लक्ष केलं असतं, पण बायको हसली. पदर तोंडावर धरून, खांदे हलवत. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्या कुठल्या विनोदाला ती अशी हसलेली नाही.

सकाळी तिच्या आधी उठलो आणि चिन्नोरची सगळी पोती ट्रॉलीत टाकली. माझा हिशेब साधा होता. घरात पांढरा तांदूळ असला की माझा हात तिकडे जाणार, हे मला माझ्या साळ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तेव्हा घरात पांढरा दाणाच नको. गावातल्या चक्कीत टरफल आणि कोंडा एकाच फेऱ्यात निघतो, तिथे पांढऱ्याशिवाय दुसरं काही मिळत नाही. म्हणून गोंदियाच्या रस्त्यावरच्या मोठ्या मिलमध्ये गेलो. तिथे टरफल काढायची मशीन वेगळी, पालिशची वेगळी.

आमच्याकडे रीत अशी की कोंडा मिलवाल्याचा. तो ढोरांसाठी विकतो आणि भरडाई कमी लावतो. मी पालिश नको म्हटल्यावर मिलवाल्याला आधी वाटलं मी गंमत करतो आहे. मग त्याने विचारलं, कोंडा कुठे जाणार? मी म्हटलं, तांदळावरच राहू द्या.

"कोंडा बी तुमीच खाऊन रायले, त मंग मी काय खाऊ भाऊ?"

आणि भरडाई वाढवून घेतली. अर्धंच काम करून घेतलं, पैसे जास्त मोजले, आणि ट्रॉलीवर बसून मी असा घरी आलो की जणू निवडून आलो.

बायकोने एका पोत्याचं तोंड सोडलं. मूठभर तांदूळ हातावर घेतला, तांबूस, खडबडीत. दुसरं पोतं सोडलं. तिसरं.

"सारंच?"

"सारंच."

"आन् चैतात पोरगी येऊन रायली, तिले काय घालू?"

लेकीचं पहिलं बाळंतपण. लग्न ठरलं त्या दिवसापासून हिच्या मनात एकच चित्र होतं, लेक माहेरी येईल आणि घरच्या बांधीतल्या चिन्नोरचा मऊ भात तूप घालून खाईल. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ट्रॉली भरताना आठवलं नाही, एवढंच. पण आता आठवलं म्हणून कबूल करायचं थोडंच असतं. मी म्हटलं, हा तर जास्त पौष्टिक, बाळ पहिलवान निघेल.

"तुमचं तुमी पाहा जी," ती म्हणाली. आमच्या घरात हे वाक्य परवानगीचं नसतं.

पहिल्या दिवशी भात शिजलाच नाही. दुसऱ्या दिवशी रात्रभर भिजवला, दुप्पट शिट्ट्या दिल्या, तेव्हा खाता आला. खाता आला म्हणजे चावता आला. अंगणात ताट घेऊन बसावं तर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावरून फेरी मारून जाई, पुन्हा येई, पुन्हा जाई, आणि माझं ताट अजून अर्धंच. वर शिकणारं पोरगं, खाली शिकणारा मी. फरक इतकाच की त्याला शिकवायला कोणी होतं. शेजारची वयनी एकदा कुकरमध्ये डोकावली आणि म्हणाली, ढोरायले शिजवून रायले का वो? बायको म्हणाली, हो. माझ्यासमोर.

आठ दिवस उलटले. मी साळ्याला फोन करून मिशीची चौकशी केली. महिना उलटला. साखर जरा खाली आली होती, पँट सैल झाली होती, आणि मी भेटेल त्याला कोंड्याचे गुण सांगत सुटलो होतो. लोक मला पाहून रस्ता बदलू लागले, तो मला माझा दरारा वाटला.

होळीच्या सुमारास कोठीतून वास यायला लागला.

आता हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं: कोंड्यात तेल असतं. तो दाण्यावर राहिला की तेलही राहतं आणि उन्हाळा लागला की खवट होतं. पांढरा तांदूळ वर्षभर राहतो, कारण त्यात खवट व्हायला काही उरलेलंच नसतं. आमच्या अख्ख्या तालुक्यात तांदूळ वर्षभराचा भरून ठेवायची रीत, आणि मी वर्षभराचा भरून ठेवला नेमका तो, जो चार महिनेही टिकत नाही.

बायको म्हणाली, वास येतो. मी म्हटलं, मला येत नाही. ती म्हणाली, दाण्यात सोंडे झाले, किडे. मी म्हटलं, सोंड्यांना कळतं चांगलं काय ते. मग माझ्या डोक्यातून आणखी एक गोष्ट निघाली. तांदूळ अंगणात उन्हात पसरला. उन्हाने सोंडे गेले, पण वास दुप्पट झाला, दाणा तडकला, आणि आमच्या कोंबड्यांनी गावातल्या कोंबड्यांना निरोप धाडला. तरीही मी रोज तोच भात खात होतो. लाखोळीच्या डाळीचं वरण जास्त तिखट करून घ्यायचो आणि श्वास रोखून घास घ्यायचो. पोटात दिवसभर जाळ. विचारलं तर म्हणायचो, ऊन आहे.

चैत्रात लेक आली. पहिल्याच दुपारी आईने तिच्यापुढे ताट ठेवलं. मुद्दाम तोच भात ठेवला, हे मला आजही खात्रीने वाटतं. लेकीने एक घास नाकाजवळ नेला आणि परत ठेवला.

"बाबा, याले वास येऊन रायला."

"कशाचा?"

"सायकलच्या साखळीचा."

बायको चुलीकडे तोंड करून बसली होती. वळली नाही. ती एक शब्द जरी बोलली असती तरी मी भांडलो असतो, भांडणात मी तयार आहे. पण लेक पाण्याचे घोट घेत बसली, इतक्या लांबून आलेली, दिवस भरत आलेले, आणि तिच्यासमोर माझं पौष्टिक ताट. मी म्हटलं, उद्या तिच्या मामाकडून एक नंबर चिन्नोर आणतो. साळ्याचं तोंड पाहावं लागेल, पाहीन.

आता बायको वळली. "इकतचा? घरच्या पाच बांध्या अस्तानी लेकीले इकतचा घालू?"

उठली, आतल्या खोलीत गेली आणि बियाण्याचं पोतं ओढत बाहेर घेऊन आली.

घरात धान म्हणून तेवढंच उरलं होतं. पुढच्या हंगामाचं चिन्नोरचं बियाणं. उतारा कमी म्हणून गावात आता ते कोणी लावत नाही. आमच्याकडे माझ्या वडिलांच्या आधीपासून चालत आलेलं. कसल्याही तंगीच्या वर्षी आमच्या घरात कोणी त्या पोत्याला हात लावलेला मी पाहिलेला नाही. मी पोत्यासमोर आडवा उभा राहिलो. बिनपालिश वगैरे सगळं विसरून, पहिल्यांदाच खरा तापून.

"बियाणं आहे ते."

"ठाऊक हाये जी मले. निवडलं कोनं?"

तिनेच. दर वर्षी बांधीत उभी राहून एकेक लोंबी तीच निवडते. मी त्या वेळी धुऱ्यावर बसून तिला घाई करतो.

मी बाजूला झालो. तिने पायलीने मोजून अर्धं धान दुसऱ्या पोत्यात काढलं. "आधं लेकीचं, आधं वावराचं," म्हणाली आणि दोऱ्याने तोंड बांधलं. ते अर्धं पोतं मी सायकलच्या कॅरिअरला लावलं आणि गावातल्या चक्कीवर गेलो, त्याच चक्कीवर, जिथे पांढऱ्याशिवाय काही निघत नाही. चक्कीवाल्याने बियाणं ओळखलं. माझ्याकडे पाहिलं आणि पट्टा चढवून चक्की सुरू केली. बरं केलं. खाली सुपात पांढराशुभ्र दाणा पडायला लागला आणि वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

नात झाली. लेकीने महिना-सव्वा महिना तो भात खाल्ला, मऊ, वर तूप, बाजूला लसणाची चटणी. मी त्या भाताला शिवलो नाही. एकदा पळी चाटली, पण ती घासायला टाकलेली होती.

खवट तांदूळ ढोरांना गेला. बायको टोपली रिकामी करताना गाईला ऐकवत होती की कोंडा बी तुलेच आन् दाना बी तुलेच, मालकाची किरपा. बियाणं निम्मंच, म्हणून रोवायचे पऱ्हे, म्हणजे रोपं, निम्मेच झाले. रोवणीला पाच बांध्यांऐवजी तीनच भरल्या. उरलेल्या दोन बांध्यांत साधं धान लावलं. जाता-येता ते दिसतं, आणि ती आधी तिकडे बघते, मग माझ्याकडे.

पण मी पांढऱ्यावर आलो नाही. उन्हाळी धान निघाल्यापासून नवी पद्धत सुरू केली. म्हणजे तिने जी पहिल्या दिवशी सुचवली होती तीच, मी ती माझी म्हणून जाहीर केली. धान धानच ठेवायचं, पंधरा दिवसांनी दोन पायल्या माझ्यासाठी बिनपालिश भरडून आणायचं. पायलीने मोजून ती देते, मी सायकल मारत मोठ्या मिलपर्यंत जातो. साखर आणखी उतरली. डॉक्टर म्हणतात हा गुण सायकलचा. साळा म्हणतो, चावता चावता थकून जीजाजी आधीच उठतात. कोंड्याचं नाव कोणी घेत नाही. घेऊ नका. मी खातो आहे.

पुढच्या महिन्यात नातीचं उष्टावण आहे. तीन बांध्यांतलं चिन्नोर घरात आलं आहे. पहिला घास कोणत्या तांदळाचा, हे मी विचारायच्या आत बायकोने सांगून टाकलं: पांढरा, गावच्या चक्कीचा. मी हो म्हटलं. भरडून आणायलाही मीच जाणार.

यात हार वगैरे काही नाही. नातीला अजून दात नाहीत. येऊ द्या.