विहिरीला लावलेला कान

"चूप राहा गा साहेब! विहीर बोलून राहिली!"

एवढं म्हणून म्हातारे बाबा काठावर पालथे पडायचे, मुंडकं विहिरीत घालायचे आणि एक बोट वर धरायचे. बोट खाली येईस्तोवर आपण श्वासही जपून घ्यायचा. मग खडा सुटायचा, डुबुक व्हायचं आणि निकाल लागायचा, "दोन हात उतरली." नंतर दोरी सोडून बघावं, तर तेवढीच!

मी शहरातल्या सदर भागातल्या एका ऑफिसातून पाणलोटाच्या कामावर कळमेश्वरकडच्या त्यांच्या गावी जायचो, जलतज्ज्ञ म्हणून मिरवायचो. ते जुने विणकर. माग मोडला तेव्हा उरलेल्या सुताची त्यांनी दोरी वळली, हाताहातावर रंगीत गाठी मारल्या आणि रोज सकाळी विहीर मोजू लागले. कोणी सांगितलं नव्हतं. पण अख्खं गाव तिचंच पाणी पीत होतं.

पहिल्याच दिवशी, भर मे महिन्यात, मलाही ऐकायची हौस आली. पालथा पडलो. खिशातला मोबाइल आत.

"सहा हात पानी आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "मोबाइलनं सांगतलं."

आता माझा खरा पराक्रम ऐका. धुण्याच्या ओट्यावरचं पाणी वाया जाताना पाहून माझा जीव कळवळला. ते जमिनीत मुरवायला मी विहिरीजवळच शोषखड्डा खणला.

"तिथं नोका गा साहेब. खाली खडक फाटला आहे. साबन सिद्धा विहिरीत येईन."

"बाबा, वाळू-गिट्टी सगळं गाळून घेते!" मी नकाशा फडकावला.

"बरं," ते म्हणाले. तिथंच मी घाबरायला हवं होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांनी पळसाची फुलं उकळली, पूर्वी सूत रंगवायचे तशी, आणि बादल्या भरभरून तो रंग खड्ड्यात ओतला. मला वाटलं पूजा आहे. मी नमस्कारसुद्धा केला!

दुसऱ्या दिवशी मी गळ्यात हार घालून भाषणाला उभा राहिलो, तर बाया विहिरीत वाकून हसताहेत. आतल्या भेगेतून केशरी धार झिरपत होती.

"साहेबानं विहिरीसंगं होळी खेळली वं!"

हसत नव्हते ते एकटेच. "हा फुलाचा रंग आहे, यानं काही होत नाही. पन साबन उतरला तं लेकरं काय पितीन?"

मी हार काढला आणि खड्डा चिकणमातीनं बुजवायला लागलो. "दाबा गा साहेब, पायानं दाबा!" पाहुण्यांसमोर मी चिखलात थयथय नाचत होतो. पुढं ओट्याची नाली लांबच्या केळीकडे वळवली आणि पावसाचं पाणी अडवायला वरच्या अंगाला बांध घातले. त्या बांधांची जागा त्यांनीच दाखवली.

यंदा ते नाहीत. मे महिन्यात गेलो, तर दोरी सुनेच्या हातात होती. मी म्हटलं, थांब, आधी ऐकू दे. शहाण्यासारखे खिसे रिकामे केले, पालथा पडलो, एक बोट वर धरलं. बाया गप्प झाल्या.

नाकावरून चष्मा सुटला. डुबुक.

"सात हात पानी!" दोरी न सोडताच सून ओरडली. "चष्म्यानं सांगतलं जी!"