भोंग्याचं तोंड रस्त्याकडे

“सभेची परवानगी दाखवा,” फौजदार म्हणाले आणि हातातली छडी त्यांनी माझ्या अँप्लिफायरवर टेकवली.

“साहेब, सभा नाहीये ही. शाळेची जत्रा आहे.”

“आणि हे जत्रेला आलेत?”

मी समोर पाहिलं. शाळेच्या मैदानात, रिंग टाकायचा स्टॉल आणि सरबताचं टेबल यांच्या मधोमध, गिरणीची अख्खी पहिली पाळी मांडी घालून बसली होती. ऊन मी म्हणत होतं. कोणी डोक्यावर टॉवेल घेतला होता, कोणी पेपर अंथरला होता. सगळे माझ्या माईककडे डोळे लावून होते. 

ही भानगड माझी मीच ओढवून घेतली होती, ती कशी ते सांगतो.

माझा धंदा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा. लग्न, सत्यनारायण, गणपती, काहीही. पण संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि लालबाग-परळात रोज कुठे ना कुठे सभा. मी पडलो घरचा माणूस, त्यामुळे सभेला भाडं मागायची सोय नाही. कौतुक मात्र भरपूर. माझे दोन निळे हॉर्न, म्हणजे लोक ज्याला भोंगा म्हणतात ते, झाडावर चढले की पोरंटोरं ओरडायची, “सदूचा भोंगा लागला रे, सभा आहे!”

अशात माझी भाची शालू एक बुकिंग घेऊन आली. ती भायखळ्याच्या अलीकडच्या एका मुलींच्या इंग्रजी शाळेत शिकत होती. शाळेच्या वरच्या मजल्याला टेकू लावले होते. दुरुस्ती झाली नाही तर मॅट्रिकचा वर्ग बंद, असं वरून बजावलेलं. त्या दुरुस्तीसाठी मोठ्या मेमबाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकेने, विलायतेत करतात तशी जत्रा ठरवली होती. तिकीट काढून आत यायचं, खेळ खेळायचे, पैसे शाळेला.

“मामा, वर्ग बंद झाला तर बाबा मला दुसऱ्या शाळेत नाही घालायचे,” शालू म्हणाली. “रत्नागिरीचं स्थळ तयारच आहे.”

मी म्हटलं, “तू काळजीच करू नकोस. मामा आहे ना!” आता आठवलं की हसू येतं. काळजी करण्यासारखं जे काही होतं ते मामाच होता.

आमच्या धंद्यातला पहिला धडा असा: हॉर्नचं तोंड जिथे ऐकणारे असतील तिकडे करायचं. जत्रा मैदानात, तर तोंड मैदानाकडे. शेंबड्या पोरालाही कळेल. पण माझं पहिलंच इंग्रजी बुकिंग! मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आरशासमोर उभं राहून ‘लेडीज अँड जंटलमेन’ घोटलं होतं. ते परळच्या लोकांना ऐकू जाऊ नये? म्हणून एक हॉर्न मी मैदानाकडे लावला आणि दुसरा फाटकावर, थेट रस्त्याकडे तोंड करून.

मग टेस्टिंग. तोंडातून ‘लेडीज’ यायच्या ऐवजी सवयीचंच आलं. “हॅलो, हॅलो, लालबाग-परळकर, आवाज पोचतोय का?”

पोचला. नेमकी तेव्हाच पाळी सुटली होती.

फाटकातल्या बाई तिकीट-तिकीट म्हणत राहिल्या. सभेला कुठे तिकीट असतं? मंडळी आली, शिस्तीत ओळी धरून बसली. जत्रेला आलेल्या गाऊनवाल्या बायका आपापली मुलं कडेवर घेऊन भिंतीला चिकटल्या.

मेमबाई माझ्याजवळ आल्या. त्यांचं मराठी पुस्तकातून शिकलेलं. “श्रीयुत सदाशिव, हे सद्गृहस्थ कशाची प्रतीक्षा करीत आहेत?”

“भाषणाची, मॅडम.”

“कोणाच्या?”

“ते मलाही ठाऊक नाही.”

तेवढ्यात फौजदार हजर झाले. माणूस वाईट नव्हता, पण जमावबंदीचा हुकूम होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, “हे बघा, लोक खेळत असले तर जत्रा. बसून राहिले तर सभा. सभा असेल तर मला सगळंच बंद करावं लागेल, तुमची जत्रासुद्धा. उठवा त्यांना.”

शालू सरबताच्या टेबलामागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. 

मी माईक धरला. “मंडळी, आज इथे सभा नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“खरंच सभा नाही! कोणाचंही भाषण नाही!”

पुन्हा टाळ्या, वर शिट्ट्या. जे उभे होते तेही बसले. आमच्या चाळीतले सावळाराम पहिल्याच ओळीत होते, त्यांनी डोळा मारला. “आमका नको सांगू, सदू. बाजूक पोलीस उभो आसा, तू दुसरा काय बोलतलस!”

झालं! पोलिसासमोर मी जितका नाही म्हणत होतो तितकी त्यांची खात्री पटत होती, की आज कोणी तरी मोठा पुढारी येणार. फौजदार घड्याळ बघायला लागले. मला घाम फुटला, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला.

शालूने पुढे येऊन माझ्या हातातून माईक ओढून घेतला. 

“सावळारामकाका, मामा खरं बोलतोय. ही माझी शाळा आहे. तो वरचा टेकू लावलेला वर्ग माझा. दुरुस्तीसाठी ही जत्रा आहे. तुम्ही बसून राहिलात तर पोलीस ती बंद करतील, मग माझी शाळाही बंद. उठा ना हो काका. खेळा ना!”

 मग सावळारामांनी वर टेकूकडे पाहिलं, गुडघ्यावर हात देऊन उठले, मागे वळले आणि गरजले, “उठा रे! चेडवाची शाळा बंद करतास? खेळा!”

सगळे उठले आणि नुसते तुटून पडले. रिंग टाकायच्या स्टॉलवर तर बघायलाच नको. जन्मभर गिरणीत फिरत्या चात्यांवर सुताच्या बॉबिनी चढवणारे हात ते, एक रिंग चुकेल तर शपथ! साबण, कपबश्या, चिनी मातीचा कुत्रा, तासाभरात स्टॉल धुऊन नेला. मेमबाईंना घरातल्या फुलदाण्या मागवाव्या लागल्या. फौजदारांनीही छडी काखेत धरून तीन रिंगा टाकल्या, तिन्ही बाहेर.

निघताना सावळारामांनी टॉवेलची झोळी केली. सभा नव्हती, पण सभेनंतर झोळी फिरवायची सवय होती. फाटकातून जाणारा प्रत्येक जण त्यात हात रिकामा करून गेला. झोळी मेमबाईंच्या हाती देताना दोन माणसं लागली. बाहेर पडल्यावर न राहवून कोणी तरी घोषणा दिलीच, “संयुक्त महाराष्ट्र!” आणि मेमबाईंनी अगदी आदराने, शुद्ध उच्चारात उत्तर दिलं, “झालाच पाहिजे!” मी फौजदारांकडे बघितलं. ते आभाळ बघत होते.

टेकू निघाले. शालू त्याच वर्गातून मॅट्रिक झाली, पुढे त्याच शाळेत शिकवायला लागली. रत्नागिरीचं स्थळ अजून वाट बघत असेल.

पुढल्या वर्षीच्या जत्रेलाही मेमबाईंनी मलाच बोलावलं. म्हणाल्या, “श्रीयुत सदाशिव, त्या सद्गृहस्थांना अवश्य आणा. परंतु निवेदन शालिनी करील.” माझं ‘लेडीज अँड जंटलमेन’ घशातच राहिलं, ते आजतागायत.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: आधी भोंग्याचं तोंड कुठे आहे ते बघा, मग आपलं उघडा.