मायाक्कानं नाव घेतलं

मी पार्वतम्मा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या काठाला शिलाई मारण्यात माझी तीस वर्षं गेली. घरात आमी कानडी बोलतो, गल्लीत मराठी, आन् भांडताना जी आधी तोंडात येईल ती. पार्वतम्माच्या तोंडाला लागू नका, असं गल्लीत नव्या सुनांना सांगत्यात. सांगू देत की. पण एकदा हे तोंड नको तितं उघडलं, आन् त्याचं भोगणं दुसऱ्याच्या वाट्याला आलं. तेच सांगायचंय.

आमच्या भिंतीला भिंत लागून येडूभाऊचं घर. मूळचा सांगोल्याकडचा, घरची मेंढरं. अठराव्या वर्षी मेंढरं भावाच्या हवाली केली आन् कारखान्यात कामाला आला. पुढं जॉबर झाला, म्हंजी माग बिघडला की दुरुस्त करणारा. चालत्या मागाला नुसता कान लावून कुटं काय झिजलंय ते सांगायचा. माणूस एकदम गरीब गाय. सायकलवरनं घरी आला की दारातनंच हाक, "आगं, हायस का?" बायको समोर भाकरी थापताना दिसत असायची, तरी हाक. मी म्हणायची, "येडूभाऊ, डोळं फुटलं का? ती काय पळून जातीय व्हय?" तो नुसता हसायचा.

ती म्हंजी मायाक्का. करमाळ्याकडची. उजनीचं धरण झालं तवा तिची वाडी पाण्यात गेली. ती तेरा-चौदा वर्षांची आसंल. घरं, शेतं, चिंचा, सगळं बुडालं. उंच टेकड्या होत्या त्यांची तेवढी डोकी वर राहिली, त्याला आता बेटं म्हणत्यात. सोलापूरच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं ते त्याच उजनीचं. पाणी आलं की आमी बायका घागरीवरनं एकमेकींच्या झिंज्या उपटायला निघायचो, आन् ही बया पहिली ओंजळ डोळ्याला लावायची. "माझ्या माहेरावरनं आलंय," म्हणायची. मी म्हणायची, "मग माहेराला सांग की, रोज येत जा म्हणून!"

मायाक्का नवऱ्याचं नाव घ्यायची न्हाय. आमच्या वयाच्या कुटल्या बाईनं घेतलंय? लग्नात उंबऱ्यावर अडवलं तवा एकदा घेतलं म्हणे, पण हलगी इतकी कडकडत होती की येडूभाऊला ऐकूच आलं न्हाय. तवापासून चाळीस वर्षं तो तिच्या मागं. "एकदा घे की गं. मी एकटाच हाय, कोण ऐकतंय?" ती लाजून लाल. "आवं, कायतरीच काय!" रेशनच्या दुकानात, बँकेत कुणी मालकाचं नाव विचारलं की ही लेकीला कोपरानं ढोसायची. दिपालीचं लगीन होऊन ती वळसंगला गेली, मग ढोसून घ्यायला मी होते.

पाच वर्षं झाली असतील. मायाक्काच्या भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं. एकदा माझ्या घरात शिरून माझ्याच डब्यातलं पीठ काढून मळायला बसली. आमी हसलो. येडूभाऊ हसला न्हाय. म्हणला, पार्वतम्मा, तुमी चला दवाखान्यात, बाईमाणूस बरोबर असलं म्हंजी ती बोलंल.

डॉक्टरांनी तिला वार विचारला, महिना विचारला. ती चाचरायला लागली की मीच मधी, "अहो, तिची शाळा कुटं झालीय?" मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मालकांचं नाव काय?" मायाक्कानं पदर ओढला, मान खाली घातली आन् गालातल्या गालात हसली. डॉक्टरांनी परत विचारलं. तवा माझं तोंड उघडलं. "डॉक्टर, आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. तिला सगळं ठावं हाय. तुमी पुढचं विचारा." येडूभाऊचा चेहरा असा फुलला! डॉक्टरबी हसले. ताकदीच्या गोळ्या घेऊन आमी घरी आलो, वाटेत रसबी प्यालो.

त्यात दीड वर्ष गेलं. एक दिवस ती दुपारची गायब झाली. एसटी स्टँडवर घावली. पाण्यात गेलेल्या वाडीची गाडी कितीला हाय, असं ज्याला त्याला विचारत होती. मग दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. डोक्याचे फोटो काढले, तपासण्या झाल्या. त्या म्हणाल्या, हा विसरण्याचा आजार आहे, बरा होत नाही, आधी आला असता तर थोडा रोखून धरता आला असता. आधी आलो होतो की आमी! मीच आडवी आले. मग त्यांनी येडूभाऊला विचारलं, "तुम्हाला ओळखतात ना?" तो म्हणला, "व्हय की." पण नजर खाली गेली, ती मी बघितली.

कारण ती ओळखती का न्हाय, हे कळायचं कसं? मायाक्का त्याला "आवं" म्हणायची, चाळीस वर्षं. आता गॅसवाला आला तरी "आवं", दूधवाला आला तरी "आवं". येडूभाऊ जेवायला बसला की ती म्हणायची, "आवं, अजून भाकरी घ्या की," आन् हा तिच्या तोंडाकडं बघत बसायचा, की हे "आवं" माझं हाय का दूधवाल्याचं. दिपाली म्हणली, बाबा, सरळ विचार की तिला, मी कोण म्हणून. तो म्हणला, "नको. ठावं न्हाय म्हणली तर मी काय करू?"

आन् दिवस कलायला लागला की मायाक्काचं सुरू व्हायचं. "मला घरी न्या. आवं, मला घरी सोडा की." घरातच बसून घरी न्या म्हणायची आन् रडायची. येडूभाऊ ऐकून ऐकून वाळून गेला. शेवटी म्हणला, तिला तिच्या माहेरी नेतो. दिवाळीनंतर धरण भरलेलं असतं, तिचा चुलतभाऊ रावजी तितं मासे धरतो, त्याची होडी हाय. "टेकड्या बघितल्या की तिला सगळं आठवंल, पार्वतम्मा. मागचं आठवलं की त्याच्यामागनं मीबी आठवंन." त्या माणसाचा जीव त्या एका गोष्टीवर टांगलेला होता. मी न्हाय कसं म्हणायचं?

होडीला इंजिन होतं, पण आवाजाला मायाक्का कानात बोटं घालून किंचाळायची. म्हणून येडूभाऊनं शीड बांधायचं काढलं. कारखान्यातनं जाड कापडाचं डागी थान आणलं आन् माझ्यापुढं टाकलं. "अय्यो! टॉवेलचा काठ सोडून मी जन्मात काय शिवलंय का? आन् सोलापूरच्या बाईला शीड शिव म्हणतोस?" शिव्या घालत घालत शिवलं. वर त्यानं मलाबी बरोबर घेतलं, बाईमाणूस लागतं म्हणून. चार दिवसांनी चार घागरी पाणी बघणारी मी, मला पोहता कुटं येतंय!

कार्तिकातली सकाळ. आदल्या दिवशी करमाळ्याला एसटीनं, तितनं जीपनं रावजीच्या वस्तीवर मुक्काम, आन् सूर्य वर आला तवा आमी पाण्यात. रावजी सुकाणूला, मधी मी आन् मायाक्का, शिडाची दोरी येडूभाऊकडं. पूर्वेचा बारीक वारा होता. मी शिवलेलं शीड फुगलं, होडी बिनआवाजाची निघाली. मी काठ गच्च धरून मल्लिकार्जुनाचं नाव घेत बसले होते. मायाक्का मात्र ताठ बसली होती.

पहिलं बेट आलं. बाभळी आन् बगळे, दुसरं काय न्हाय. मायाक्का एकदम म्हणली, "ह्यो म्हसोबाचा माळ. हितं आण्णा मेंढरं बसवायचा." रावजीनं मान हलवली, "बरोबर हाय आक्का." येडूभाऊच्या हातातली दोरी सुटता सुटता राहिली.

दुसऱ्या बेटाजवळ ती माझा दंड धरून सांगायला लागली, "ह्या टेकडीच्या मागं चिंच होती. मी तितनं पडली होती. हे बघ." कोपरावरचा वण दाखवला. इतकी वर्षं शेजारी राहून मी तो बघितला नव्हता. मग काय, तिचं तोंड थांबंना. कुणाची विहीर कुटं, कुणाची म्हातारी कशी भांडकुदळ, कुटल्या ओढ्यात खेकडे. ज्या बाईला सकाळी काय खाल्लं ते सांगता यायचं न्हाय, ती पाण्याखालचं गाव बोटानं दाखवत होती. रावजी एकेका गोष्टीला "व्हय व्हय" म्हणत होता आन् येडूभाऊ नव्या नवरदेवासारखा हसत होता.

दुपारी होडीतच कडक भाकरी आन् शेंगाचटणी सोडली. मायाक्कानं आपली भाकरी मोडली, अर्धी येडूभाऊपुढं धरली. "आवं, खावा की." त्यानं माझ्याकडं बघितलं. "बघितलं का, पार्वतम्मा? हाय की सगळं!" मी म्हणलं, "हाय की." माझ्या मनात काय आलं ते मी बोलले न्हाय. त्या दिवशी तरी माझं तोंड मी आवरलं.

तिसरं बेट सगळ्यात मोठं. त्यांच्या वाडीची टेकडी. होडी चिखलाला लागायच्या आतच मायाक्का उतरली, गुडघाभर पाण्यातनं नऊवारी ओढत वर चढली. आमी मागं. वर मेंढरांच्या वाड्याचे दगड गोल पडले होते. ती त्या दगडांत उभी राहून हाका मारायला लागली. "आये! आण्णा! मी आली!" एका कडेला गेली, पाणी. दुसऱ्या कडेला गेली, पाणी. सगळ्या टेकडीला फिरून आली आन् दगडावर बसली. तिचा चेहरा असा उतरला की मला बघवंना.

"हितं कुणीच न्हाय," म्हणली, आन् रडायला लागली. "मला घरी न्या."

येडूभाऊ तिच्या समोर मातीत बसला. "आगं, हेच की तुझं घर. ह्याच्यासाठीच आणलं की तुला."

"न्हाय. माझं घर सोलापूरला हाय." तिनं डोळं पुसलं. "कारखान्यापाशी. आमचं मालक कामावरनं आलं असत्याल. मी नसली की जेवत न्हाईत ते. आवं, मला तितं सोडा की, तुमचं लई उपकार होतील."

रावजी होडीपाशीच थांबला होता. मला वाटलं, आता हा माणूस ओरडंल, तिला हलवंल, मीच की गं तो म्हणंल. त्यानं तसं काय केलं न्हाय. त्यानं विचारलं, "कोण मालक, बाई? नाव काय त्यांचं?"

बाई म्हणला तो. चाळीस वर्षांत मी त्याच्या तोंडनं तिला बाई ऐकलं नव्हतं.

मायाक्कानं माझ्याकडं बघितलं, पदर डोक्यावरनं पुढं ओढला. "नाव घेऊ न्हाय," म्हणली. "पर त्याबिगर तुमाला घर घावायचं कसं?" मग ती त्याच्या कानाशी वाकली आन् हळूच बोलली, "येडू."

मी तोंड फिरवलं. मी रडले, धाय मोकलून रडले, खोटं कशाला सांगू? जे ऐकायला तो माणूस चाळीस वर्षं आसुसला होता ते तिनं त्याला दिलं, आन् परका समजून दिलं. डॉक्टरांपुढं मी गप्प बसले असते तर निदान एखादं वर्ष त्याला अजून मिळालं असतं. देवळात गेले तरी हेच मनात येतं.

येडूभाऊ उठला, हातावरची माती झटकली. आवाज कसा काढला त्याचं त्याला ठावं. "चला बाई. मी सोडतो तुमाला येडूकडं."

"तुमी वळखता त्यास्नी?"

"व्हय. लई वर्षांची वळख हाय."

ती लगेच उठली. पोरीसारखी भराभरा उतरली. होडीत चढताना त्यानं हात पुढं केला, तर तिनं अंग चोरलं आन् माझा हात धरून चढली. मग मला हळूच म्हणली, "त्यांना जरा लांब बसायला सांगा. आमचं मालक काय म्हणत्याल?" सांगायची येळच आली न्हाय. त्याला ऐकू गेलं होतं. तो होडीच्या पार टोकाला जाऊन बसला, आमच्याकडं पाठ करून. दोरी रावजीनं घेतली.

वारा पडत आला होता, होडी सावकाश चालली होती. मायाक्का आता शांत होती. घरी जायचं म्हणून खूश होती. दोन-तीनदा तिनं त्या पाठीकडं बघितलं, मग माझ्या जवळ सरकली.

"बाई, माणूस चांगला दिसतोय ओ ह्यो."

"लई चांगला हाय," मी म्हणलं.

"आमच्यासाठी किती लांब यायला लागलं त्यांना. मालकास्नी सांगती, ह्यांना जेवल्याबिगर जाऊ देऊ नका म्हणून." मग तिनं त्यालाच विचारलं, मोठ्यानं, "आवं पावणं, जेवून जाशीला नव्हं?"

येडूभाऊ वळला न्हाय. पाण्याकडं तोंड करूनच म्हणला, "व्हय बाई. तुमी वाढलं तर जेवतो की."