अकरावा व्हॉल्व्ह

भोसरीच्या कारखान्यात सहा वर्षं मेंटेनन्स केलेली बाई लेस्टरला येऊन केअरटेकरची असिस्टंट होते, तेव्हा ती सगळ्या जगावर फुरंगटलेली असते. मी तशीच होते. बिल्डिंग म्हणजे कपड्यांचं जुनं गोदाम, आता लहान लहान युनिट पाडून भाड्यानं दिलेलं. केअरटेकर होते साठी ओलांडलेले इंग्रज गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘डक’ म्हटलं. म्हणजे बदक! घरी येऊन मी नवऱ्यावर डाफरले, तर तो खो-खो हसत सुटला. लेस्टरात बसचा ड्रायव्हरसुद्धा प्रेमानं तसंच म्हणतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

वरच्या मजल्याला हीटिंग नव्हतं. म्हणून तिथल्या स्प्रिंकलरच्या पाइपांत उन्हाळ्यात पाणी असायचं आणि हिवाळ्यात हवा. ऑक्टोबरात सगळं पाणी सोडून द्यायचं आणि कॉम्प्रेसरनं हवा भरायची. आग लागली की आधी हवा निघून जाते, मग खालून पाणी येतं. पण पाइपात पाणी राहिलं तर थंडीत ते गोठतं, गोठलं की फुगतं, आणि लोखंडाचा पाइप काकडीसारखा तडकतो. मग आग नसतानाही धो-धो पाणी.

पाइप उतरते लावलेले असतात, पण तुळईखालून जाताना जिथे वाकतात तिथे पाणी साठतं. अशा अकरा जागी छोटे व्हॉल्व्ह होते. ते सगळे केअरटेकरांनी मला शिडीवर चढवून दाखवले आणि स्वतःची चौकोनी किल्ली माझ्या हातात दिली. “एकदा उघडून भागत नाही,” ते म्हणाले. “पाइपाच्या आतून पाणी निथळत येतं. उद्या उघड, परवाही उघड. पाण्याला घाई नसते, डक.”

मी मनात म्हटलं, मला शिकवतात! पाणी वरून खाली येतं हे काय पुण्यात माहीत नाही?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात, आणि पुजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावत नाहीत. मी हत्यारांची पिशवी घरी आणली. पाटावर स्पॅनर, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर आणि त्यांची ती किल्ली मांडली, हळदकुंकू वाहिलं, बेलग्रेव्ह रोडवरून आणलेल्या झेंडूची फुलं ठेवली. आणि व्हॉल्व्ह उघडला की खूण करायची त्या रजिस्टरमध्ये? रजिस्टरमध्ये दोन्ही दिवसांच्या अकराच्या अकरा खुणा आधीच करून मोकळी झाले. म्हटलं, सोमवारी करूच की, कुठे पळून चाललंय पाणी!

सोमवारी दहा व्हॉल्व्ह उघडले. प्रत्येकातून कपभर, दोन कप पाणी निघालं. अकरावा एका बंद युनिटमध्ये होता, आणि त्या दाराची किल्ली ज्यांच्याकडे ते हॉस्पिटलात ड्यूटीवर. उद्या बघू म्हटलं. तो उद्या काही उगवला नाही.

ते युनिट नागपूरच्या एका दादांचं होतं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचे आणि आपल्या बौद्ध मंडळींसाठी वाचनालय काढायचं म्हणून पुस्तकं जमवायचे. त्यांच्या वडिलांनी वस्तीत रात्रशाळा चालवली होती. कोण शिकायला आलं, कुणी पहिल्यांदा स्वतःची सही केली, ते सगळं त्यांनी वह्यांत लिहून ठेवलं होतं. त्या वह्या दादांनी मला एकदा मोठ्या अपूर्वाईनं दाखवल्या होत्या. शाईनं लिहिलेल्या, आणि त्यांची दुसरी प्रत नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी दार उघडलं तर गवत पांढरंफटक. शेजारी गाडीची काच खरवडत होता. मी मफलर गुंडाळत होते आणि एकदम आठवलं. अकरावा! त्याच्या बरोबर खाली वह्यांची खोकी!

बसमध्ये चोराच्या मनात चांदणं. माझी नोकरी कायम होण्याचं पत्र पुढच्या आठवड्यात निघणार होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, एक मन म्हणालं. पाइप तडकला तर थंडीला दोष देता येईल, रजिस्टर तर म्हणतंय सगळं झालंय. खोटं कशाला बोलू, तीन स्टॉप मी हेच मन ऐकत बसले होते.

केअरटेकर किटली लावत होते. मी कोट न काढताच सगळं सांगितलं. खंडेनवमी, पाट, झेंडू, खोट्या खुणा, सगळं. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी किटली बंद केली आणि म्हणाले, “दादांना फोन कर.”

दादा रात्रपाळी संपवून तडक आले. त्यांनाही तोंडानं सांगावं लागलं, मेल्याहून मेल्यासारखं झालं. वह्यांची खोकी एकेक करून त्यांनी जिन्यात नेली, आणि शेवटचं खोकं उरलं तेव्हा म्हणाले, “ताई, वेळेवर सांगितलंत.”

मग आम्ही सिस्टिमची हवा सोडली, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. अकरावा व्हॉल्व्ह उघडला तर थेंब नाही, आत बर्फच. तडा गेलाय की नाही हे बर्फ वितळल्यावरच कळणार. मी शिडीवर, केअरटेकर खाली. ते गरम पाण्यात पिळलेले टॉवेल वर द्यायचे, मी पाइपाला गुंडाळायची. दुपारपर्यंत हेच. गुडघे दुखत असूनही त्यांनी एकदाही बसून घेतलं नाही. शेवटी व्हॉल्व्हमधून बर्फाचा चुरा पडला आणि मग पाणी, अर्धी बादली भरून. मी बोटांनी सगळा पाइप चाचपला. कोरडा होता. पुन्हा हवा भरली, दाबाचा काटा जागेवर थांबला, तासभर हलला नाही. मी शिडीवरच रडले, अगदी हुंदके देऊन.

केअरटेकरांनी रजिस्टर उघडलं, माझ्या खुणा खोडल्या आणि खरं काय झालं ते लिहिलं. खाली स्वतःची सही केली. मॅनेजरनं दोघांना बोलावलं. खोट्या खुणा करणारीला कायम का करायचं, असं त्यानं सरळ विचारलं. त्याचं चूक नव्हतंच. केअरटेकर म्हणाले, “मी चाळीस वर्षं ही कामं करतोय. व्हॉल्व्ह राहून गेलेले खूप पाहिले. त्याच सकाळी येऊन स्वतःहून सांगणारं माणूस मला हे पहिलंच भेटलंय. आणि तिच्या सणाच्या दिवशी किल्ली कोण फिरवणार, हे मी विचारायला हवं होतं. पुढच्या वर्षी मी फिरवीन.”

पत्र आठवड्यानं आलं. मी ते घेऊन तडक पंपरूममध्ये गेले. थँक यू म्हणायचं ठरवलं होतं, पण या देशात ते बसमधून उतरतानाही म्हणतात, आणि मला त्या दिवशी ते अगदीच तोकडं वाटलं. मी खाली वाकले. माझं काही पडलं असं वाटून तेही बिचारे दुखऱ्या गुडघ्यांनी वाकले आणि जमिनीवर शोधायला लागले. आमची डोकी आपटली.

“काय पडलं, डक?”

“काही नाही पडलं,” मी म्हटलं. “आमच्याकडे वडीलधाऱ्यांना असा नमस्कार करतात. तुम्ही फक्त उभे राहा.”

ते भिंतीला टेकून उभे राहिले. कान लालबुंद, हातांचं काय करावं ते कळेना. मी पुन्हा वाकले. या वेळी ते हलले नाहीत.